जावा-प्रणालीतील देवनागरी अक्षर आणि मूळ संहितेचा प्रश्न

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ स्थापन झाले. अस्सल कागद पाहिल्यावाचून विधान करावयाचे नाही, ही शिस्त त्यामुळे खानदेशातील अभ्यासकास नवी नाही. प्रस्तुत लेखात तीच कसोटी एका अर्वाचीन साधनास लावून पाहावयाची आहे. ते साधन म्हणजे आपल्या मेजावरील संगणकावर चालणारी जावा भाषेतील आज्ञावली होय.

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली, तेव्हा 'एकदा लिहा, कोठेही चालवा' हे तिचे ब्रीद होते. ते अर्धेच खरे ठरले असे म्हणावयास हरकत नाही. आज्ञावली एका मधल्या सांकेतिक रूपात राहते व कोणत्याही यंत्रावर नेता येते हे खरे. परंतु खिडकी उघडणे, अक्षर रेखाटणे, ध्वनी ऐकविणे ही कामे अखेर त्या त्या कार्यप्रणालीसाठी सी किंवा सी++ मध्ये लिहिलेल्या घटकांकडे जातात. आरंभीच्या एडब्ल्यूटी या संचाने तर बटणेदेखील कार्यप्रणालीकडून उसनी घेतली होती. १९९८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीतील स्विंग आपली बटणे स्वतः काढू लागला. तथापि अक्षरांचा व्यवहार पुष्कळसा खालच्या थरातच राहिला.

रोमी लिपीस याची झळ फारशी लागली नाही. देवनागरीची मांडणी मात्र २००२ सालच्या १.४ आवृत्तीपासून होऊ लागली, आणि सप्टेंबर २०१७ च्या नवव्या आवृत्तीत आयसीयूचे जुने मांडणीयंत्र जाऊन त्या जागी हार्फबझ आले. मराठीच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन रूपांत दिसावयास फरक केवळ अर्ध्या 'र'च्या आकाराचा आहे. युनिकोडमध्ये हा दुसरा अर्धा 'र' दोन क्रमांनी लिहिता येतो: 'ऱ' पुढे हलन्तचिन्ह देऊन, अथवा साधा 'र', हलन्तचिन्ह आणि शून्यरुंदीचा जोडक एकापुढे एक ठेवून. मांडणीयंत्र किंवा टंक यांपैकी एकाने जरी कसूर केली, तरी स्वयंपाकी गुरुपदी जाऊन बसतो. आणि जावात लिहिलेल्या भागात तर एक अक्षरही बदललेले नसते!

हा खालचा थर दीर्घकाळ बंद होता. नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा मुक्त करण्याची घोषणा केली व मे २००७ मध्ये ओपनजेडीके या नावाने संहिता प्रसिद्ध झाली. परंतु अक्षरे रेखाटणारा भाग, रंगव्यवस्था आणि ध्वनीचा काही अंश इतर कंपन्यांच्या मालकीचा असल्याने त्यांची संहिता देता आली नाही. त्या छिद्रांत आधीच कंपाइल केलेली बुचे बसविलेली होती. अक्षरांसाठी फ्रीटाइप, रंगांसाठी लिटल सीएमएस असे मुक्त घटक त्यांच्या जागी आले. या कामी रेड हॅटच्या मंडळींनी जून २००७ मध्ये आरंभिलेल्या आइस्डटी या उपक्रमाचा वाटा मोठा आहे. फेडोरा ९ मधील त्यांची बांधणी जून २००८ मध्ये जावाच्या अधिकृत कसोटीस उतरली. आणखी एक अडचण कुलवृत्तान्ताची होती. जावाचा कंपाइलर स्वतःच जावात लिहिलेला असल्याने नवी आवृत्ती बांधावयास आधीची लागते. पोथीची प्रत पोथीवरूनच व्हावी, तसे हे आहे. आइस्डटीने ही साखळी जीएनयूच्या जीसीजे या मुक्त कंपाइलरपासून सुरू करून दाखविली.

आजची प्रथा मात्र उलट दिशेस गेलेली दिसते. मेव्हन व ग्रेडल ही बांधणीसाधने तयार घटक महाजालावरील भांडारातून आणतात. २०१८ साली अकराव्या आवृत्तीपासून जावाएफएक्स मूळ संचातून वेगळे झाले, आणि त्याचे प्रत्येक कार्यप्रणालीसाठीचे कंपाइल केलेले भागही बहुधा त्याच वाटेने येतात. ही दोन्ही साधने ऑफलाइन चालविता येतात. पण तेव्हा ती पूर्वी उतरवून ठेवलेली प्रत वापरतात. साठविलेली प्रत आणि मूळ संहितेवरून स्वतः केलेली प्रत यांत संशोधकाने भेद केलाच पाहिजे. डेबियनच्या नियमाप्रमाणे बांधणी चालू असताना जाळ्याशी संपर्क करता येत नाही. जावाचे घटकही संहितेवरून कंपाइल करून स्थानिक भांडारात ठेवतात. आमच्या मते भाषाविभागांस हाच नमुना योग्य आहे.

याचे कारण अहिराणी. ग्रियर्सन यांनी १९०७ साली खानदेशीस भिल्ली बोलींच्या खंडात घातले; त्या वर्गीकरणाशी आज वाद घालता येतो, तो त्यांनी नमुने छापून ठेवले म्हणूनच. आजचे नमुने ध्वनिमुद्रित असतात आणि त्यांवरील टिपणासाठी नाइमेगनच्या माक्स प्लांक संस्थेचे एलान बरेच वापरले जाते. तेही जावातच आहे, आणि लिनक्सवर ध्वनी ऐकविण्यासाठी व्हीएलसीच्या कंपाइल केलेल्या घटकांवर विसंबते. तेव्हा जळगाव-धुळ्याकडील ध्वनिमुद्रणांच्या संग्रहाशेजारी एलान, ओपनजेडीके, फ्रीटाइप, हार्फबझ व व्हीएलसी यांच्या संहिता, लोहितसारखा एक मुक्त टंक आणि आरंभाचा कंपाइलर ठेवणे अगत्याचे आहे. विंडोज व लिनक्स यांसाठीचे संच मात्र वेगवेगळे बांधावे लागतील; २०२१ साली पक्के झालेले जेपॅकेज हे साधनदेखील ज्या कार्यप्रणालीवर चालवावे तिच्यापुरताच संच करते. जाळ्याची तार काढून बांधणी करावी, आणि पडद्यावर प्रथम 'आचाऱ्यांना' हा शब्द दोन्ही क्रमांनी टंकून पाहावा.