कपडे वाळविणे
कपडे वाळविणे : धुऊन पिळलेल्या कपड्यांत उरलेले पाणी बाष्परूपाने घालवून ते कोरडे करण्याची क्रिया. ती मुख्यतः दोन प्रकारे केली जाते. पहिल्या प्रकारात कपडे दोरीवर, तारेवर, दांडीवर अथवा गवतावर उघड्या हवेत पसरतात. दुसऱ्यात ते यंत्राच्या फिरत्या पिंपात घालून त्यांतून तापविलेली हवा खेळवितात. पहिली पद्धत जगभर प्राचीन काळापासून रूढ आहे, तर दुसरी घरगुती वापरात विसाव्या शतकाच्या मध्यास आली. यंत्राचा प्रसार थंड व दमट प्रदेशांपुरता राहिला असता, तर तो केवळ हवामानाचा परिणाम मानता आला असता. प्रत्यक्षात भरपूर ऊन असलेल्या प्रदेशांतही तो झाला आणि काही ठिकाणी उन्हात कपडे घालण्यास नियमाने बंदी आली. त्यामुळे या क्रियेचा इतिहास तंत्रविद्येचा जेवढा आहे, तेवढाच तो सामाजिक प्रतिष्ठेचा व कायद्याचाही आहे.

तत्त्व : पाण्याची वाफ होण्यास उष्णता लागते. नेहमीच्या तापमानास १ किग्रॅ. पाण्याच्या बाष्पीभवनास सु. २,४०० किलोजूल, म्हणजे सु. ०·६७ किलोवॉट-तास इतकी ऊर्जा खर्ची पडते. दोरीवर ही ऊर्जा ऊन व भोवतालची हवा यांतून विनामूल्य मिळते. बाष्पीभवनाचा वेग हवेची सापेक्ष आर्द्रता, वाऱ्याचा वेग, तापमान व कपड्याचा उघडा पृष्ठभाग यांवर अवलंबून असतो. म्हणूनच कोरड्या वाऱ्याच्या दिवशी ऊन नसतानाही कपडे लवकर वाळतात, तर पावसाळ्यात हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असल्यामुळे ते दोन-दोन दिवस ओलसर राहून त्यांना कुबट वास येतो. ज्या कपड्यांत ३ किग्रॅ. पाणी उरले आहे, ते यंत्रात वाळविण्यास तत्त्वतः सु. २ किलोवॉट-तास ऊर्जा पुरते. परंतु साध्या यंत्रातून गरम हवा तशीच बाहेर सोडली जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त लागते. याउलट कपडे वेगाने फिरवून केंद्रोत्सारी प्रेरणेने पाणी झटकून टाकण्यास लागणारी ऊर्जा या मानाने अगदी थोडी असते. तेव्हा कपडे जितके चांगले पिळले जातील, तितका पुढचा खर्च कमी होतो.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : सार्वजनिक जागी कपडे वाळविण्याचा प्रश्न रोमन कायद्यातही आढळतो. तेथील कपडे धुणाऱ्या व्यावसायिकांचा मोठा वर्ग होता. पाँपेई येथील अशा एका कार्यशाळेतील भित्तिचित्रांत कापड झटकणारे कामगार आणि कापड पसरण्याचा वेताचा पिंजरा दाखविलेला आहे. डायजेस्ट या रोमन विधिसंग्रहात पॅपिनियनच्या नावे आलेल्या एका उताऱ्यात दुकानदारांना रस्त्यावर वस्तू मांडण्यास मनाई केलेली असून, धोब्याने कपडे वाळविण्यास मात्र सूट दिलेली आहे. गाड्यांच्या रहदारीस अडथळा होऊ नये, एवढीच अट आहे. रस्ता सर्वांचा असला, तरी वाळवण ही गरज आहे, हा व्यवहारी विचार त्यामागे दिसतो.

यूरोपात क्षौमवस्त्रे (लिनन) गवतावर पसरून उन्हात ठेवीत. ही क्रिया वाळवणाची तशीच विरंजनाचीही होती. ओलसर कापडावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ते शुभ्र होई. नेदर्लंड्समधील हार्लेम शहराभोवतालची अशी विरंजन-मैदाने प्रसिद्ध होती. याकोप व्हान राइस्डाल याने १६७० नंतरच्या दशकात रंगविलेल्या हार्लेमच्या निसर्गचित्रांत जमिनीवर अंथरलेले पांढरे पट्टे दिसतात, ते याच कापडांचे होत. १७८५ च्या सुमारास क्लोद ल्वी बेर्तॉले याने क्लोरिनाचा विरंजक गुण दाखवून दिला व १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट याने विरंजक चूर्णाचे एकस्व घेतले. त्यानंतर या मैदानांचे औद्योगिक महत्त्व ओसरले. तथापि उन्हाने कपडे उजळतात हा घरगुती अनुभव कायम राहिला.

दोरी व चिमटा : औद्योगिक क्रांतीनंतर शहरांतील दाट वस्तीत अंगण उरले नाही, तेव्हा कपडे उंचावर गेले. न्यूयॉर्कच्या भाड्याच्या इमारतींत मागील चौकात उभारलेल्या खांबापर्यंत प्रत्येक खिडकीतून कप्पीवरची दोरी जाई. गृहिणी खिडकीत उभी राहूनच कपडे पुढे सरकवी व ओढून घेई. नेपल्समध्ये अरुंद गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या घरांमध्ये दोऱ्या ताणण्याची प्रथा आजही आहे. सिंगापूरच्या सार्वजनिक गृहनिर्माणातील अनेक जुन्या इमारतींत स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबू खोचण्यासाठी नळकांडी मूळ बांधकामातच बसविलेली आहेत. सुरुवातीचे चिमटे म्हणजे खाच पाडलेल्या लाकडी खुंट्या होत. १८५३ मध्ये व्हर्‌मॉंटमधील डेव्हिड एम्. स्मिथ यांनी स्प्रिंगच्या चिमट्याचे एकस्व घेतले आणि १८८७ मध्ये सोलोन ई. मूर यांनी त्यात वेटोळ्या तारेची सुधारणा केली. आज वापरात असलेला चिमटा मूलतः हाच होय.

ऑस्ट्रेलियात गिल्बर्ट टॉइन यांनी १९११ पासून छत्रीसारख्या फिरत्या धातूच्या वलणीची एकस्वे घेतली. १९४५ मध्ये ॲडिलेड येथील लान्स हिल यांनी अशाच वलण्या तयार करून विकण्यास सुरुवात केली. दांडा फिरवून ही वलणी वर चढविता येते व वाऱ्याबरोबर ती स्वतःभोवती फिरते. ‘हिल्स हॉइस्ट’ या नावाने ती घरोघर पसरली व पुढे ऑस्ट्रेलियन उपनगरी जीवनाचे बोधचिन्हच ठरली. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोप समारंभात तिच्या भव्य प्रतिकृती मिरविण्यात आल्या.

यंत्राचा उदय : इ. स. १८०० च्या सुमारास पॉशाँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने भोके पाडलेले धातूचे पिंप विस्तवावर हाताने फिरवून कपडे वाळविण्याची युक्ती काढली. त्यात कपड्यांना धुराचा वास लागे व कधी ते जळतही. ओहायओतील जॉर्ज टी. सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने ७ जून १८९२ रोजी एकस्व घेतलेल्या साधनात उघड्या विस्तवाऐवजी शेगडीच्या उष्णतेवर, चौकटीत टांगलेले कपडे वाळत. नॉर्थ डकोटा राज्यातील जे. रॉस मूर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कडाक्याच्या हिवाळ्यात आईला बाहेर कपडे वाळत घालावे लागू नयेत म्हणून शेडमध्ये तेलाच्या शेगडीवर तापणारे पिंप बसविले. त्यांच्या आराखड्यावरून विस्कॉन्सिनमधील हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने १९३८ मध्ये ‘जून डे’ हे यंत्र बाजारात आणले. यंत्राच्या दारास काचेची खिडकी ठेवण्याची कल्पना औद्योगिक अभिकल्पक ब्रुक्स स्टीव्हन्स यांची; आत गरगरणारे रंगीत कपडे दिसल्याशिवाय ग्राहक हे महागडे पिंप घेणार नाही, असे त्यांचे मत होते. जून महिन्याच्या उन्हाचे नाव घेऊनच हे यंत्र उन्हाची जागा घेण्यास आले, हे लक्षणीय आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा प्रसार झाला. १९५५ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सु. १० टक्के घरांत असलेले हे यंत्र २०२० च्या सुमारास सु. ८० टक्के घरांत पोहोचले. या वाढीमागे वीज स्वस्त होणे, स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडणे व फ्लॅटमधील राहणी ही कारणे होतीच; शिवाय विजेच्या मागणीत वाढ करण्याचे पद्धतशीर प्रयत्नही होते. १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक, वेस्टिंगहाउस व वीज कंपन्यांनी सर्व घरकाम विजेवर करावे असा प्रचार सुरू केला आणि पुढील वर्षापासून पूर्णतः विजेवर चालणाऱ्या घरांच्या दर्शनी भागी लावण्यासाठी पदके देण्यात येऊ लागली. ज्या घराच्या दारावर असे पदक आहे, त्याच्या परसात वलणी शोभेनाशी झाली.

बंदी व हक्क : वलणीला कमीपणा येण्याची प्रक्रिया यंत्राच्या प्रसाराआधीच सुरू झाली होती. न्यूयॉर्कजवळील लेव्हिटटाउन ही १९४७ पासून उभारलेली नमुनेदार उपनगरी वसाहत होय. तेथील खरेदीकरारांच्या अटींनुसार उचलून ठेवता येईल अशी फिरती वलणीच वापरण्यास परवानगी होती व सुटीच्या दिवशी बाहेर कपडे टांगण्यास मनाई होती. गल्लीवर लोंबणाऱ्या कपड्यांत गरीब व स्थलांतरितांच्या चाळींची आठवण होती आणि नव्या मध्यमवर्गाला ती पुसून टाकावयाची होती. १९६० नंतर घरमालक-संघांच्या नियंत्रणाखालील वसाहती झपाट्याने वाढल्या. २०१० च्या सुमारास त्यांत सु. ६ कोटी अमेरिकन लोक राहत होते. यांपैकी पुष्कळ संघांनी घरांच्या किमती घसरतात या समजुतीने वलणीवर पूर्ण बंदी घातली. अशा रीतीने कॅलिफोर्निया, ॲरिझोना यांसारख्या उन्हाळ प्रदेशांतही लोकांना विजेने अथवा वायूने कपडे वाळविणे भाग पडले.

१९७३ च्या खनिज तेल संकटानंतर ऊर्जाबचतीचा विचार पुढे आला. फ्लॉरिडा राज्याच्या १९८० मधील अधिनियमावर आधारलेल्या कलमात सौर संकलकांच्या बरोबरीने वलणीचा नावानिशी उल्लेख असून, तिला मनाई करणारे खाजगी करारही निष्प्रभ ठरविण्यात आले आहेत. १९९५ मध्ये व्हर्‌मॉंटमधील मिडलबरी महाविद्यालयाचा विद्यार्थी अलेक्झांडर ली याने ‘प्रोजेक्ट लाँड्री लिस्ट’ ही चळवळ सुरू केली. अणुशक्तिविरोधी कार्यकर्त्या हेलन कॅल्डिकट यांच्या व्याख्यानातून त्याला ही प्रेरणा मिळाली होती. ‘वाळवणाचा हक्क’ ही तिची घोषणा लवकरच कायद्यात उतरली. कॅनडातील आँटॅरिओ प्रांत व कोलोरॅडो राज्य (२००८), व्हर्‌मॉंट व मेन (२००९), हवाई व मेरिलंड (२०१०) आणि कॅलिफोर्निया (२०१५) यांनी कमीअधिक व्याप्तीचे नियम करून वलणीवरील बंदी हटविली अथवा सैल केली. पॅपिनियनच्या उताऱ्यातील तोच प्रश्न, म्हणजे एकाची गरज व इतरांची सोय यांत सीमा कोठे आखावयाची हा, सु. अठराशे वर्षांनी पुन्हा विधिमंडळांपुढे आला. या वेळी मात्र आड आली होती ती रहदारी नसून दृष्टी होती.

महाराष्ट्रातील रूढी : महाराष्ट्रात वाळवणाशी शुचितेच्या कल्पना निगडित होत्या. सोवळ्याचे वस्त्र इतरांचा स्पर्श होऊ नये म्हणून छताजवळच्या उंच दांडीवर काठीने घालीत व काठीनेच काढीत. या रूढीमागे जातिभेदाची कठोर चौकट होती. त्याच समाजात कपडे धुणाऱ्या परटाचे स्थान मात्र खालचे मानले जाई. मुंबईच्या चाळींत सज्जाच्या कठड्यालगत बांधलेल्या दोऱ्या हा सामाईक जीवनाचा व प्रसंगी भांडणांचाही भाग होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या महालक्ष्मी येथील धोबीघाटावर दोन दोऱ्यांना एकत्र पीळ देऊन त्या ताणतात आणि त्या पिळात कपड्याची टोके खोचतात. त्यामुळे चिमटे लागत नाहीत व थोड्या जागेत पुष्कळ कपडे मावतात. पावसाळ्यात घरात, छताखाली दोऱ्या बांधून कपडे वाळवितात. अलीकडे उत्तुंग इमारतींतील काही गृहनिर्माण संस्था दर्शनी भाग विद्रूप होतो म्हणून सज्जाबाहेर कपडे टांगण्यास हरकत घेतात. त्यामागील विचार लेव्हिटटाउनच्या अटींहून फारसा निराळा नाही.

गुणदोष : उन्हातील जंबुपार किरणांमुळे काही सूक्ष्मजंतू नष्ट होतात व पांढरे कपडे उजळतात; मात्र त्याच किरणांनी रंग विटतात. धूळ, धूर, परागकण व पक्ष्यांची विष्ठा यांचा उपद्रव होतो. ओल्या कपड्यांचे ओझे उचलणे व पावसाची सर येताच ते गोळा करणे हे श्रम बहुशः स्त्रियांच्याच वाट्यास येतात. वृद्ध, अपंग, तान्ही मुले असलेली कुटुंबे आणि रुग्णालये यांना यंत्राची सोय मोलाची ठरते. यंत्राच्या जाळीत साठणारी लव म्हणजे कपड्याचाच झिजलेला अंश होय. ती वेळोवेळी न काढल्यास पेट घेते. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८–१० या काळात तेथे या यंत्रांमुळे दरवर्षी घरांना सु. २,९०० आगी लागल्या. यंत्राने श्रम वाचतात हेही पूर्णांशाने खरे नाही. घरगुती यंत्रांबरोबर स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या व कपडे अधिक वेळा धुतले जाऊ लागले, असे अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्त्स कोवन यांनी मोअर वर्क फॉर मदर (१९८३) या ग्रंथात दाखविले आहे.

अलीकडील प्रगती : उष्णता पंपाच्या यंत्रात दमट हवा बाहेर न सोडता थंड करून तिच्यातील पाणी निराळे काढतात व परत मिळालेली उष्णता पुन्हा वापरतात, त्यामुळे विजेचा खर्च साध्या यंत्राच्या निम्म्याच्या आसपास येतो. अशी घरगुती यंत्रे १९९७ च्या सुमारास यूरोपात आली. स्वित्झर्लंडने २०१२ पासून व यूरोपीय संघाने १ जुलै २०२५ पासून कार्यक्षमतेच्या किमान अटी इतक्या कडक केल्या की, नवी यंत्रे बहुतेक याच प्रकारची असतात. यंत्राची कार्यक्षमता अशी वाढली असली, तरी वलणीवरील वाळवणास इंधन मुळीच लागत नाही. ज्या प्रदेशांत वर्षाचे आठ महिने कडक ऊन असते, तेथे घरे बांधतानाच वाळवणाची जागा राखून ठेवणे हा सर्वांत कमी खर्चाचा ऊर्जाबचतीचा उपाय ठरतो.