राखेचा उपयोग, एकलहरे (नाशिक)

नाशिक रोडजवळच्या एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रात कोळसा जाळल्यावर उरणाऱ्या राखेचा बांधकामातील वापर. कोळशाचे इंधनेतर उपयोग जुने आहेत. १८५६ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या रसायनापासून जांभळा रंग बनवला. नाशिकमध्ये मात्र कोळशाचा दुसरा जन्म भट्टीनंतर, राखेच्या रूपात होतो.

केंद्रातील २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण बहुधा ३० ते ४५ टक्के असते; म्हणजे दहा ट्रक जाळले की तीन-चार ट्रक राख पदरी पडते. धुराबरोबर उडणारी बारीक राख विद्युतभारित पत्र्यांवर पकडतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे बहुतेक कण काचेच्या गोट्यांसारखे दिसतात. त्यातील सिलिका चुना व पाण्याशी संयोग पावून दगडासारखी घट्ट होते, आणि हाच तिचा खरा गुण.

राख, चुना, जिप्सम व वाळू किंवा कच दाबून करड्या, सरळ कडांच्या विटा पाडतात. त्या भाजत नाहीत, पाणी मारून पक्क्या करतात. त्यामुळे भट्टीचे इंधन वाचते आणि शेतातली काळी मातीही. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख चालते. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने राखेचा वापर बंधनकारक केला. वीज केंद्राच्या राख-तलावात साठलेली ओली राख उन्हाळ्यात वाळून आसपासच्या शेतांवर उडते, म्हणून कोरडी राख थेट उचलणे सर्वांत हिताचे.