तोंडाचा वास आणि कायद्याचा पुरावा

महाडच्या दिवाणी न्यायालयांत डिसेंबर १९२७ मध्यें एक दावा दाखल झाला. चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्य मानलेल्या लोकांनीं घेऊं नये, अशी जुनी रूढि आहे, असें वादींचें म्हणणें होतें. प्रतिवादींमध्यें डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होते. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या न्यायालयानें तो दावा फेटाळला, आणि ठाण्याच्या अपिलानंतर मुंबईच्या उच्च न्यायालयांत १७ मार्च १९३७ रोजीं त्याचा शेवट झाला. वादींनीं सांगितलेली रूढि अनादि असल्याचें शाबीत झालें नाहीं, हें त्या निकालाचें मर्म होय. जो सांगतो त्यानें शाबीत करावें, हें न्यायाचें तत्त्व महाडला अशा रीतीनें परिचित आहे. तेंच तत्त्व दारू पिऊन मोटार हांकल्याचा आरोप असलेल्या, म्हणजे लोकांची सहानुभूति ज्याला सहसा मिळत नाहीं अशा इसमाच्या बाबतींत कसें लागू झालें, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालीं झाला. परवान्यावांचून दारू पिणें हाच त्यानें गुन्हा ठरविला. बालसारा खटल्यांत २५ मे १९५१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा बहुतांशीं कायम केला. मात्र मद्यार्क असलेलीं औषधें घेण्यास बंदी करणारा भाग घटनेविरुद्ध ठरविला. त्यानंतर अवघ्या चार दिवसांनीं, २९ मेच्या रात्रीं, मुंबईंत एका जीप गाडीचा धक्का लागून तीन माणसें पडलीं. गाडी हांकणारे बेहराम पेसिकाका हे मुंबई विभागाचे प्रादेशिक परिवहन अधिकारी होते. मोटारींवर देखरेख ठेवणाऱ्या खात्याचाच अधिकारी आरोपी झाला!

डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां त्यांच्या तोंडाला मद्याचा वास येत होता, डोळे लालसर होते. परंतु बोलणें सुसंगत होतें आणि सरळ रेषेवरून त्यांना चालतां येत होतें. जेवणानंतर बी. जी. फॉस नांवाचें शक्तिवर्धक औषध आपण घेतलें व त्यांत मद्यार्क असतो, असा त्यांचा बचाव होता. मॅजिस्ट्रेटनें त्यांस निर्दोष सोडलें. दारूच्या आरोपापुरता तो निकाल उच्च न्यायालयानें फिरविला व एक महिन्याची सक्तमजुरी आणि ५०० रुपये दंड ठोठावला. शेवटीं १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें त्यांची सुटका केली. औषधांतून मद्यार्क घेणें हा गुन्हाच उरला नसेल, तर आरोपीनें घेतलेली वस्तु निषिद्ध दारूच होती हें सरकारनें दाखविलें पाहिजे. केवळ वासावरून तें ठरत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता.

मद्यप्यांना यामुळें पळवाट मिळाली, असें कोणी म्हणेल. परंतु कायदा तेथेंच थांबला नाहीं. १९५९ च्या दुरुस्तीनें असें ठरलें कीं, रक्तांत मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आढळल्यास, तो औषधांतून आला हें दाखविण्याचा भार आरोपीवर राहील. नाकाची जागा मापानें घेतली. अर्थात् मापही विश्वासार्ह हवें. धुळ्याकडील १९६१ च्या एका मोटार अपघाताचा खटला १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां रक्ताची कुपी परीक्षकाच्या हातीं पोंचेपर्यंत कोठें व कशी ठेविली होती, हा प्रश्न निघाला. तो पुरावा अपुरा पडल्यानें त्याबाबत जादा पुरावा घेण्याचा हुकूम झाला. १९७१ च्या दुसऱ्या एका निकालांत तर वास, अडखळतें बोलणें व डळमळती चाल एवढ्यावरून दारूचा गुन्हा शाबीत होत नाहीं, असें त्याच न्यायालयानें सांगितलें.

मोटारींच्या कायद्याचा प्रवासही असाच झाला. १९३९ च्या मूळ कायद्यांत, वाहनावर नीट ताबा ठेवतां येऊं नये इतका अंमल, अशी मोघम कसोटी होती. १९८८ च्या कायद्यांत आतां १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. या गुन्ह्यासाठीं वॉरंटावांचून अटक झाल्यास दोन तासांच्या आंत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहींतर त्या इसमास सोडावें लागतें. २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढला. सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊं शकते.

पेसिकाका अधिकारी होते. त्यांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातां आलें. महाडहून पोलादपूरमार्गे कशेडीकडे, अथवा आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वराकडे मालमोटार नेणाऱ्या चालकाचें काय? त्याचा परवाना गेला कीं घरची चूल विझते. घटनेच्या २२ व्या कलमानें अटक झालेल्या प्रत्येकास आपल्या पसंतीचा वकील देण्याचा हक्क दिला. पण वकिलाची फी कोण देणार? १९७६ सालीं घटनेंत ३९-अ हें कलम आलें, आणि १९८७ चा विधिसेवेचा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्यानुसार कोठडींतील इसम, स्त्रिया, अनुसूचित जातिजमाती व ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाचे लोक यांना सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो, आणि त्यासाठीं तालुक्यापर्यंत समित्या आहेत.

घाटाच्या वळणावर मद्यप्याच्या हातीं गाडी असणें म्हणजे वाटसराच्या प्राणाशीं खेळ होय. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण ती टिकावी अशी इच्छा असेल, तर तपासणी वेळेंत व्हावी, कुपीवर मोहर असावी, आणि आरोपीच्या बाजूनें उलट प्रश्न विचारणारा कोणी तरी न्यायालयांत उभा असावा. त्या प्रश्नांना पुरून उरतो तोच पुरावा अपिलांतही टिकतो.