चष्मा उतरविण्यापूर्वी

दिवाळी सरली की आमच्या बुलढाण्यात मुली पाहण्याचे दिवस येतात, आणि कोणीतरी विचारतेच, “गुरुजी, लेसरने पोरीचा चष्मा घालवावा का?” मी काही नेत्रवैद्य नव्हे; पण या किरणाची जन्मकथा सांगण्याजोगी आहे.

तीही सणाचीच. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, आदल्या दिवशीच्या मेजवानीतले उरलेसुरले टर्की पक्ष्याचे मांस त्यांनी तेथे नेले व त्यावर एक्सायमर लेसर सोडला. नेमका छेद पडला. भोवती भाजल्याची खूणही नाही! १९८३ साली हा किरण डोळ्यापर्यंत पोहोचला.

आता गंमत बाजूला ठेवू. बुबुळावरचे काचेसारखे पटल जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. लेसर तेच तासतो, आणि तासलेले पुन्हा भरून येत नाही. म्हणून आधी जाडी मोजतात. पटल पातळ असले किंवा शंकूसारखे पुढे येत असले, तर डॉक्टर नकार देतात. त्यावर रुसू नये. वय अठरा पूर्ण हवे, नंबर वर्षभर स्थिर हवा. नंतर काहींचे डोळे कोरडे पडतात, रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. शिवाय चाळिशीचा चष्मा काही चुकत नाही. माझाच पाहा ना!

गेल्या साली एका विद्यार्थिनीला आईने तुळशीच्या लग्नाआधी घाईने नेले. नंबर अजून वाढत होता. डॉक्टरांनी परत पाठविले. पोर चष्म्यानिशीच पाहुण्यांपुढे बसली. पोह्यांच्या वाफेने काचा धुरकटल्या, एवढेच ती हसत सांगते.