काजळी कोण काढणार?

सुधारित चुलींच्या इतिहासावर वाचायला बसलात तर ‘औष्णिक कार्यक्षमता’ हा शब्द पानोपानी भेटतो. ‘काजळी’ क्वचित भेटतो, आणि काजळी काढायला कोणाला किती वेळ लागतो हे तर फारच कमी जणांनी मोजलंय. माझं मत असं की चूल आणि घरगुती बॉयलर यांचा इतिहास या दुसऱ्या बाजूनं वाचला तर बऱ्याच अपयशांचा उलगडा होतो.

आपल्याकडचा घरगुती बॉयलर म्हणजे बंब. तांब्याची टाकी, तिच्या मधोमध आरपार गेलेली उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, बाजूला तोटी. नळीत लाकडाच्या ढलप्या किंवा लोणारी कोळसा पेटवायचा, भोवतीचं पाणी तापतं. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब हातोड्यानं ठोकून घडवत. मुंबईला लागणारं लाकूड आणि कोळसा ठाणे जिल्ह्याच्या जंगलांतूनही जात असे, आणि कोळशाच्या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत कातकरी कुटुंबं असत.

बंबाच्या रचनेत एक गोष्ट सहज नजरेआड होते: नळी सरळ आहे. वरून काठी घातली की काजळी खाली पडते, जाळी हलवली की राख मोकळी होते. वेगळं हत्यार नको, माणूसही नको. पाण्याच्या बाजूला क्षारांचा थर बसतो आणि तिथं हात नीट पोहोचत नाही, ही त्याची कमजोरी. मोठ्या बॉयलरांतही हाच विचार दिसतो. फेअरबर्न आणि हेदरिंग्टन यांच्या 1844 च्या लँकेशायर बॉयलरमध्ये दोन रुंद, सरळ भट्टी-नळ्या होत्या. असे बॉयलर मुंबईच्या गिरण्यांतही होते, आणि सफाईसाठी माणूस नळीत शिरू शकायचा.

काजळीचं इतकं काय, असं वाटत असेल तर हा छोटा हिशेब बघा. समजा चिमणी 3 मीटर उंच, आतला धूर 150 अंशांवर, बाहेरची हवा 30 अंशांवर. दोन्हींच्या घनतेतल्या फरकामुळे जी ओढ तयार होते ती सुमारे 10 पास्कल, म्हणजे 1 मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढी. एवढ्याशा दाबावर सगळा धूर छपराबाहेर जायचा असतो. आतला मार्ग काजळीनं निम्मा बुजला की तो घरातच परततो. शिवाय काजळी उष्णतेची वाईट वाहक, त्यामुळे भांड्यापर्यंत आचही कमी पोहोचते.

आता चुलीकडे. वर्ध्याच्या मगनवाडीतून 1940 च्या दशकात मगन चूल पुढे आली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी 1953 मध्ये बिनधुराच्या स्वयंपाकघरावर पुस्तिका काढली. 1983 मध्ये कर्क स्मिथ आणि सहकाऱ्यांनी गुजरातच्या गावांत स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या श्वासात किती धूर जातो हे मोजून छापलं, आणि त्याच वर्षाच्या शेवटी राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. 2002 मध्ये तो बंद होईपर्यंत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. निकष होता किमान 20 टक्के कार्यक्षमता, आणि ती तपासायची पद्धत म्हणजे पाणी उकळण्याची चाचणी. चाचणीला येणारी चूल नवीकोरी, स्वच्छ.

या चुलींच्या पोटात एक आडवा बोगदा असायचा. पहिल्या भांड्याखालून दुसऱ्याखाली, तिथून वळून चिमणीत. कार्यक्षमता वाढते ती या बोगद्यामुळे, आणि काजळी साठते तीही इथेच. बंबाच्या नळीसारखी इथे काठी जात नाही. सांगायला उपाय सोपा: जिथे वळण तिथे काढता येणारं झाकण. पण मातीच्या चुलीत झाकण घट्ट बसलं नाही तर तिथूनच हवा आत शिरते आणि ओढ मरते.

हे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर ठेवून बघा. कुडाच्या भिंती, छप्पर गवताचं किंवा कौलांचं, पाऊस धो धो. छपरातून पाइप काढला की गळती आली, गवत असेल तर आगीची भीती. चुलीवरच्या माळ्यावर धान्य-बियाणं, धुरानं त्याला कीड कमी लागते; तो धूर बाहेर घालवायचा की नाही हा प्रश्नच घरच्यांसाठी वेगळा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. साधी मातीची चूल तोवर भेगाळलेली असते, बाई ती लिंपते किंवा नवी घालते. चुलीची देखभाल करणारी तज्ज्ञ तीच! पण सुधारित चुलीत मापं आतली असतात. तोंड थोडं रुंद केलं, लाकूड जाड असतं म्हणून, की आराखडा बिघडला. चिमणी साफ करायला छपरावर चढावं लागतं, आणि हे काम कोणाचं ते कुठल्याच आराखड्यात लिहिलेलं नसतं.

ओडिशात डुफ्लो, ग्रीनस्टोन आणि हॅना यांनी सुमारे 2,600 कुटुंबांत चिमणीच्या चुलींचा माग काही वर्षं काढला. पहिल्या वर्षी धूर घेण्याचं प्रमाण कमी झालं, नंतर फरक उरला नाही. लोकांनी चुली नियमित वापरल्या नाहीत आणि देखभालही केली नाही. हा निबंध नक्की वाचा, पण ‘लोकांनी देखभाल केली नाही’ या वाक्यावर थांबू नका. देखभालीला किती मिनिटं, कोणतं हत्यार, कोणाचे हात, हे विचारा. संशोधनाचा प्रश्न तिथे आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं चिमणीवाली लक्ष्मी आणि बिनचिमणीची भाग्यलक्ष्मी अशा दोन्ही चुली लोकांपुढे ठेवल्या. बिनचिमणीच्या चुलीत धूर घरातच राहतो, पण बुजायला पाइप नाही. तुलना करताना पहिल्या आठवड्याचे आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतरचे आकडे शेजारी ठेवले तरच ती खरी.

2016 पासून उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आलं. तरी आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं परवडत नाही, म्हणून अंगणात तीन दगडांवर पातेलं चढतंच. बंब ज्या कामासाठी होता तेच हे काम, आणि सर्वेक्षणाच्या अर्जात बहुतेक वेळा फक्त ‘स्वयंपाकाचं इंधन’ एवढाच रकाना असतो.