टू-डू अ‍ॅपला ‘परवा साडेनऊला’ कळतं का?

‘परवा साडेनऊला आईची शुगर टेस्ट, उपाशीपोटी.’ गेल्या वर्षी बिबवेवाडीत रिक्षाची वाट बघत असताना मी हे वाक्य फोनमधल्या एका टू-डू अ‍ॅपमध्ये टाकलं. अ‍ॅपने ते निमूटपणे घेतलं. तारीख लागली नाही, वेळ लागली नाही, आणि मीही परत उघडून बघितलं नाही. आदल्या रात्री फोन वाजेल तेव्हा आईला सांगू, असं मी धरून चाललो होतो. टेस्टच्या दिवशी मला आठवलं तोवर आईचे पोहे खाऊन झाले होते. टेस्ट पुढे गेली, तोवर डॉक्टर सुट्टीवर गेले आणि गोळीचा जो डोस बदलायचा होता तो जवळपास महिनाभर तसाच राहिला.

चूक नेमकी कुठे झाली हे कळायला या अ‍ॅपचं आतलं काम थोडं समजून घ्यावं लागतं.

टूडूइस्ट, टिकटिक यांसारख्या अ‍ॅपमध्ये काम लिहिताना कॅलेंडर उघडून तारीख निवडावी लागत नाही. इंग्रजीत ‘टुमॉरो फाइव्ह पीएम’ असं कामाच्या नावापुढेच टाइप केलं, की तेवढे शब्द रंगीत होतात आणि तारीख-वेळ आपोआप बसते. बोलतो तसं लिहायचं, म्हणून याला नैसर्गिक भाषेतली नोंद म्हणतात. पण यामागे बहुतेक वेळा भाषेची ‘समज’ वगैरे नसते. ओळखीच्या शब्दांची एक यादी असते आणि ते कसे जोडायचे याचे नियम असतात. यादीतला शब्द सापडला की आजच्या तारखेपासून मोजायचं. नाही सापडला तर सगळं वाक्य म्हणजे कामाचं नाव, एवढंच. टूडूइस्टला अशा तारखा इंग्रजीशिवाय जर्मन, जपानी, कोरियन अशा बऱ्याच भाषांत कळतात. त्या यादीत मराठी नाही.

तरीही मराठीत नोंद करता येते, कारण अ‍ॅप फक्त तारखेचा तुकडा शोधतं, बाकीच्या वाक्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून कामाचं नाव देवनागरीत लिहा आणि तारखेचा तुकडा इंग्रजी अक्षरांत. ‘सोसायटीचा मेंटेनन्स’ लिहून पुढे इंग्रजीत ‘एव्हरी फिफ्थ’ टाकलं, की दर महिन्याच्या 5 तारखेला ते काम समोर येतं. टूडूइस्टमध्ये एक बारकी सोय आहे जी फार जण वापरत नाहीत. ‘एव्हरी’ शब्दाला चिकटून उद्गारचिन्ह दिलं तर पुढची तारीख मूळ तारखेपासून न मोजता, काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून मोजली जाते. बिल भरायला साधं ‘एव्हरी’ बरं. घरातला वॉटर फिल्टर साफ करायला उद्गारचिन्हवालं, कारण आठवडाभर उशीर झाला तर पुढची पाळीही आठवडाभर पुढे गेली पाहिजे.

आता आपल्यातले बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो तसं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. इथे मजेशीर घोटाळा होतो. ‘सकाळी सात’ लिहिताना ‘सात’साठी एस-ए-टी ही अक्षरं आली की अ‍ॅपला तो सॅटरडे वाटतो आणि काम शनिवारी जाऊन बसतं. ‘सून’ला एस-यू-एन लिहिलंत तर रविवार! रंगीत झालेल्या शब्दावर टॅप केलं की टूडूइस्ट तो शब्द तारीख म्हणून धरायचं सोडून देतं. पण त्यासाठी सेव्ह करण्याआधी स्क्रीनकडे बघावं लागतं, आणि घाईत नेमकं तेच राहतं.

मराठी अवघड का जाते?

शब्दांची यादी मराठीत करून दिली की झालं, असं मला आधी वाटायचं. तेवढ्याने भागत नाही. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवा गेलो’ आणि ‘परवा जायचंय’ यातला फरक क्रियापद सांगतं. (टू-डू यादीत मागच्या परवाचं काम कोण टाकेल? त्यामुळे इथे तरी हे सोपं आहे.) ‘साडेनऊ’त नऊ दिसतो, पण ‘पावणेनऊ’ म्हणजे पावणेनऊच, आठ पंचेचाळीस. ‘दीड’ आणि ‘अडीच’मध्ये तर आकडाच दिसत नाही. ‘पाऊण वाजता’ म्हणजे 12:45. ‘आठ दिवसांनी ये’ असं कुणी गुरुवारी सांगितलं तर आपण पुढच्या गुरुवारी जातो, म्हणजे सातव्या दिवशी. यंत्र सरळ आठ मिळवून शुक्रवार काढेल. शिवाय प्रत्यय शब्दाला चिकटतात: गुरुवारी, गुरुवारपासून, गुरुवारपर्यंत. तिन्हींत वार एकच, पण तिन्हींचा अर्थ वेगळा.

यावर काम चालू आहे आणि ते लांब कुठे नाही. बिबवेवाडीच्या शेजारी धनकवडीत पीआयसीटी हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा सहभाग असलेल्या पुण्यातल्या ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने 2022 मध्ये ‘महाएनईआर’ नावाचा मराठी वाक्यांचा संच सगळ्यांसाठी खुला केला. त्यात 25,000 वाक्यं आहेत आणि त्यांतली व्यक्ती, ठिकाणं, संस्था, तारखा, वेळा ही माणसांनी हाताने खूण करून दाखवली आहेत. मराठी वाक्यातला तारखेचा तुकडा कोणता, हे यंत्राला शिकवायला असाच माल लागतो.

मग बोलून सांगितलं तर?

जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग 2017 पासून आहे, पण ते आवाजाची अक्षरं करून देतं, अर्थ लावत नाही. गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी येतं. जेमिनी अ‍ॅप भारतात जून 2024 मध्ये मराठीसह नऊ भारतीय भाषांत आलं. या एआय मदतनीसांकडे शब्दांची पक्की यादी नसते. भरपूर मजकुरावरून ते अर्थाचा अंदाज बांधतात, त्यामुळे ‘परवा साडेनऊ’ त्यांना पुष्कळदा बरोबर कळतं. मला मात्र त्यांची वेगळीच धास्ती वाटते. जुनं अ‍ॅप न कळल्यावर तारीख रिकामी सोडायचं, आणि बघितलं तर ते दिसायचं तरी. एआय चुकला तरी आत्मविश्वासाने कुठली तरी तारीख टाकून मोकळा होतो. म्हणून मी त्याला शेवटी ‘वार आणि तारीख परत सांग’ म्हणतो आणि दोन्ही कॅलेंडरशी जुळवतो. तारीख आणि वार यांचा मेळ बसला नाही की चूक लगेच सापडते.

रात्रीच्या वेळा तर मी कुणावरच सोपवत नाही. ‘आज रात्री दीडची गाडी’ कॅलेंडरच्या हिशोबाने उद्याची असते, आणि यात माणसंही फसतात. तिथे तारीख हातानेच टाकतो, वेळ चोवीस तासांच्या घड्याळात: 01:30.

आईची टेस्ट दर तीन महिन्यांनी असते. माझ्या यादीत आता तिच्या दोन नोंदी आहेत. एक टेस्टची, सकाळी 9:30 ची. दुसरी आदल्या रात्री 8:30 ची: ‘आईला सांग, उद्या चहासुद्धा नाही.’