बैगाचक : रेघेने आखलेले अरण्य

ग्वारीघाटावर संध्याकाळी दिवे सोडताना नर्मदेचे जे पाणी आपण ओंजळीत घेतो, ते अमरकंटकाहून निघून डिंडोरी आणि मंडला ओलांडून, वाटेत मैकल पर्वताच्या अंगावरून उतरणाऱ्या बुढनेरसारख्या उपनद्यांना पोटात घेऊन जबलपुरास पोहोचलेले असते. या पाण्याच्या वाटेने उलट चालत जाण्याची इच्छा परकम्मावासी सोडले तर आमच्या शहरातील फारच थोड्यांना होते. जबलपूरच्या जुन्या मराठी घरांतून सरकारी नोकरांच्या पिढ्या निघाल्या. पण मंडला-डिंडोरीकडे बदली झाल्याचा हुकूम घरात आला की आजीच्या तोंडचे पाणी पळे, कारण हिवतापाचा मुलूख म्हणून त्या पठाराची कीर्ती चुलीपर्यंत पोहोचलेली होती. त्याच मुलखात, डिंडोरीच्या दक्षिणेस, साल वृक्षांच्या दाट वनात बैगा या आदिवासी जमातीचा बैगाचक नावाचा एक प्रदेश आहे. आणि त्याच्या इतिहासाविषयी, विशेषतः तो दुर्गम कसा झाला याविषयी, माझ्या गाववाल्यांशी बोलावे असे बरेच दिवस मनात आहे.

दुर्गम डोंगरी वस्ती म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे पापुआच्या उंच दऱ्या उभ्या राहतात. १९३३ साली मायकेल लेही आणि त्याचे सोबती सोन्याच्या शोधात विमानाने न्यू गिनीच्या अंतर्भागावरून गेले, तेव्हा जेथे ओसाड डोंगरच असतील असे सर्वांनी गृहीत धरले होते त्या वाह्गी खोऱ्यात त्यांना आखीव मळे आणि दाट लोकवस्ती दिसली. पुढे त्याच खोऱ्यातील कुक नावाच्या दलदलीत उत्खनन झाले आणि तेथे किमान सात हजार वर्षांपूर्वीच्या शेतीच्या खुणा सापडल्या. जगाला ते लोक ठाऊक नव्हते एवढाच त्यांच्या एकांताचा अर्थ. त्यांच्या भूमीवर मात्र ते पूर्वापार नांदत होते, आणि आजही पापुआ न्यू गिनीतील बहुतेक सारी जमीन परंपरेने त्या त्या कुळांच्याच मालकीची मानली जाते. बैगाचकचा एकांत या जातीचा नाही. तो निसर्गाने दिलेला नसून दप्तराने दिलेला आहे, हे या लेखात मला सांगायचे आहे.

आपल्या मराठी मंडळींचा या मुलखाशी संबंध सलोख्याने सुरू झाला नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य खालसा केले, १७९९ मध्ये मंडला नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७-१८ च्या युद्धात जबलपूर व मंडला दोन्ही इंग्रजांच्या हाती गेली. गोंड राणी दुर्गावतीच्या घराण्याचे सिंहासन आपल्या अंमलात गेले, याची आठवण त्या पठारावर अजून आहे. आपल्याकडे ती असायला हवी. तथापि भोसल्यांचा वसुलीचा हात नांगरटीच्या जमिनीपुरताच पोहोचत होता. डोंगरमाथ्यावर कुऱ्हाड खांद्यावर टाकून फिरणाऱ्या बैगाकडे नांगर नव्हता, बैल नव्हता, मोजणीस सापडेल असे बांधाचे शेतही नव्हते. म्हणून कोणत्याही जमाबंदीत तो नीटसा मावत नव्हता.

बैगांची शेती म्हणजे बेवर. कोकणात जिला दळी किंवा कुमरी म्हणत, तिचीच ही थोरली बहीण. उताराचा एक तुकडा निवडून हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यावरची झाडे तोडायची, मात्र बुंधे उपटायचे नाहीत. तोडलेली झाडे उन्हात वाळू द्यायची. पावसाच्या आधी ती पेटवायची. आणि पहिल्या सरी पडल्या की त्या राखेत, जमिनीला फाळ न लावता, नाना जातींचे बियाणे एकत्र टाकायचे. त्यात कोदो, म्हणजे आपला कोद्रा किंवा हरीक. कुटकी, म्हणजे आपली वरी. नाचणी, कांग, तूर, वेलावरच्या शेंगा, भोपळे, काकड्या. एक पीक आधी यावे, दुसरे मागून यावे, पाऊस एकाला मानवला नाही तर दुसऱ्याला मानवावा, आणि पोटाला सलग काही ना काही मिळत राहावे, अशी ती रचना. दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून द्यायचा, आणि बुंध्यांना फुटवे येऊन पुन्हा रान माजले की कितीतरी वर्षांनी तेथे परतायचे. या शेतीमागे त्यांची श्रद्धाही होती. आदिपुरुष नंगा बैगा हा पृथ्वीचा रक्षक, पृथ्वी ही माता, आणि नांगर चालवणे म्हणजे आईची छाती फाडणे. ही समजूत कोणास भाबडी वाटो; डोंगरउतारावरची पातळ माती नांगरली की पावसाबरोबर वाहून जाते हे ज्याने पाहिले आहे, त्याला तिच्यातील व्यवहार कळल्यावाचून राहत नाही.

१८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला, १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले, आणि १८६७ साली अलाहाबादहून रेल्वे जबलपुरास आली. या तीन घटना बैगांच्या आयुष्यात एकत्र येऊन आदळल्या. रुळांखाली घालायला स्लीपर हवेत, आणि सालाचे लाकूड स्लीपरसाठी उत्तम. म्हणून जे जंगल तोवर रान होते ते एकाएकी सरकारी मालमत्ता ठरले. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी तिच्याभोवती राखीव जंगलाची सरहद्द आखली. बेवर करणाऱ्यावर प्रथम कुऱ्हाडीमागे कर बसला, मग बेवरीची क्षेत्रे आकसली, मग त्यांवर बंदी आली. बैगांना नांगर आणि बैल देऊन ‘स्थिर’ शेतकरी करण्याचा उद्योगही झाला. पण ज्याच्या देवाने नांगराला मनाई केली आहे, त्याच्या हाती सरकारी बैल कितीसे टिकणार? आमच्या शहराची भरभराट रेल्वेने झाली, यात संशय नाही. परंतु त्या भरभराटीचा एक हिशेब मैकलच्या उतारावर लिहिला गेला आहे, आणि तो जबलपूरच्या इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही.

१८९० साली सरकारने तडजोड म्हणून सुमारे २४ हजार एकरांचा एक तुकडा बेवरीसाठी वेगळा काढला. हेच बैगाचक. ही जागा निवडताना सरकारने मुख्यतः पाहिले ते हे, की तेथून लाकूड बाहेर नेणे जवळजवळ अशक्य आहे, सबब वनखात्याला तिचा उपयोग नाही. म्हणजे दुर्गमता हा त्या जागेचा दोष मानला गेला नाही. ती निवडीची कसोटी ठरली. ज्यांचा वावर शेकडो मैलांच्या डोंगररांगेत होता, त्यांना एका रेघेच्या आत राहा असे सांगण्यात आले. जे आत गेले त्यांना बेवर मिळाली, जे आपली जुनी गावे सोडायला राजी झाले नाहीत त्यांची ती गेली. बेवर बंद झाल्यावर १८९२ मध्ये बैगांच्या वतीने सरकारकडे गेलेल्या एका अर्जात जे म्हटले आहे, त्याचा आशय असा : आमच्याजवळ दाणा नाही, कुऱ्हाडीवाचून दुसरी संपत्ती नाही, थंडीच्या रात्री आम्ही शेकोटीच्या आधाराने काढतो, आणि तुरुंगातल्या कैद्यालासुद्धा पोटभर अन्न मिळते. असंख्य सरकारी अर्जांची भाषा माझ्या नजरेखालून गेली आहे, पण इतक्या थोड्या शब्दांत इतके काही सांगणारा दुसरा अर्ज माझ्या पाहण्यात नाही.

यानंतरची चाळीस वर्षे भरभर ओलांडून मी १९३२ च्या जानेवारीत येतो, कारण लेहीने विमानातून वाह्गी खोरे पाहण्याच्या वर्षभर आधी, दोन तरुण बैलगाडीच्या वाटेने याच मुलखातील करंजिया गावी येऊन उतरले होते. एक होता ऑक्सफर्डमध्ये शिकलेला इंग्रज पाद्री, व्हेरिअर एल्विन. दुसरे आपले मराठी ख्रिस्ती गृहस्थ, शामराव हिवाळे. दोघांची गाठ पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात पडलेली. एल्विनवर ग्रंथ झाले, वाद झाले, त्याचे नाव जगभर गेले. शामरावांचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. गोंडांनी एल्विनला ‘बडे भाई’ आणि शामरावांना ‘छोटे भाई’ म्हटले, आणि या नात्यातच कामाची वाटणी झाली : थोरल्याने लिहावे, जगाशी भांडावे, धाकट्याने दवाखाना चालवावा, शाळा पाहाव्या, कुष्ठरोग्यांच्या वस्तीची देखभाल करावी, आणि दारात येऊन बसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकावे. एल्विनच्या ग्रंथांत जी गाणी आणि ज्या कथा आहेत, त्यांतील कितीतरी शामरावांच्या विश्वासावर उघडलेल्या तोंडांतून आलेल्या आहेत.

पुढे दोघे पाटनगढला राहिले. ते परधानांचे गाव. परधान हे गोंडांचे भाट. आपल्या यजमानांच्या दारी ठराविक वर्षांनी जाऊन ‘बाना’ नावाच्या तीन तारांच्या वाद्यावर गोंड राजांच्या आणि देवांच्या कथा गाणारे. बडा देव या बान्यातच वास करतो अशी त्यांची धारणा. १९४६ साली शामरावांनी या परधानांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो इंग्रजीत. एका मराठी माणसाने नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील एका जमातीवर आयुष्याची उमेद खर्चून लिहिलेले हे पुस्तक आहे, आणि त्यात पंडिताच्या तुटकपणापेक्षा घरच्या माणसाची ओळख अधिक आहे. याच पाटनगढात पुढे जनगढ सिंह श्याम जन्मले. बान्याचे सूर मंदावत चाललेल्या काळात त्यांनी त्याच कथा रंगरेषेत उतरवल्या, आणि भोपाळच्या भारत भवनापासून परदेशापर्यंत नेल्या. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अकाली अंत झाला. १९५४ च्या सुमारास एल्विन ईशान्येकडे निघून गेला. शामराव मात्र याच मुलखाचे राहिले.

एल्विनने १९३९ साली बैगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात या लोकांसाठी एक संरक्षित प्रदेश असावा, तेथे त्यांना त्यांची बेवर आणि त्यांचे रान परत मिळावे, असे सुचवले. या प्रदेशासाठी त्याने ‘राष्ट्रीय उद्यान’ हा शब्द वापरला, आणि त्या शब्दाने घात केला. माणसांना प्राणिसंग्रहालयात कोंडायला निघालेला इंग्रज, अशी त्याच्यावर झोड उठली. आमच्या मालवणचे थोर समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ च्या आपल्या पुस्तकात सविस्तर उत्तर दिले : हे लोक हिंदू समाजाचेच मागे राहिलेले अंग आहेत, आणि त्यांचे हित अलगपणात नसून समरसतेत आहे. घुर्यांची विद्वत्ता मोठी, आणि इंग्रजी राज्यातील फुटीरपणाबद्दलची त्यांची धास्तीही खरी. तरीपण मला वाटते की या वादात दोन्ही बाजू ‘अलग ठेवावे की मिसळावे’ या प्रश्नात गुंतल्या आणि मूळ गोष्ट मागे पडली. बैगाला वेगळे कोणी ठेवले? त्याचे रान तोडून घेतले तेव्हाच तो वेगळा पडला. पुढे कान्ह्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ साली खरोखरच झाले, १९७३ मध्ये तेथे व्याघ्रप्रकल्प आला, आणि वाघासाठी त्या जंगलातून बैगा-गोंडांची गावे उठवण्यात आली.

मी पहिल्यांदा बैगाचकमधील चाड्याच्या बाजूला गेलो तो भाद्रपदाचा महिना होता. वाटेत पावसाने गाठले म्हणून एका घराच्या पडवीत शिरलो. भिंती पांढऱ्या मातीने सारवलेल्या, अंगण इतके स्वच्छ की पायताण काढूनच आत जावे. घरच्या म्हाताऱ्या बाईच्या कपाळावर, दोन भुवयांच्या वर, चुलीच्या आकाराचे गोंदण होते. तिथे ते मुलीला लहानपणीच करतात. तिने काही न विचारता पळसाच्या पानांचा द्रोण पुढे केला आणि म्हणाली, “पेज पी ले, बेटा.” पेज! माझी मालवणकडची आजी आजारपणात जो शब्द उच्चारून वाटी पुढे करीत असे, तोच शब्द, त्याच अर्थाने, शेकडो मैलांवर, साल वनाच्या पोटात. द्रोणातली पेज कोदोची होती, किंचित आंबूस, राखाडी रंगाची, मीठ नसलेली. कोदो वर्षानुवर्षे कोठीत टिकतो, कीड लागत नाही, म्हणून दुष्काळात तो घराचा आधार. पण ओल्या हवेत बाधलेला कोदो खाल्ला तर माणसाला झिंग येऊन तो आजारी पडतो, तेव्हा तो वाळवून, कुटून, पारखून घ्यावा लागतो. हे सारे ती मला सांगत होती, आणि मुसळाचे घाव पडवीच्या मागून येत होते.

वनाधिकार कायदा २००६ साली झाला. त्याच्या आधाराने २०१५ मध्ये बैगाचकमधील सात गावांच्या बैगांना त्यांच्या पूर्वापार अधिवासावरचा हक्क कागदोपत्री मान्य झाला. १८९० च्या रेघेला तेव्हा सव्वाशे वर्षे झाली होती. कागद मिळाला म्हणजे रान मिळाले असे नव्हे. पण या लोकांच्या बाबतीत दप्तराने प्रथमच घेण्याऐवजी देण्याची भाषा वापरली, याचे मोल मी कमी लेखत नाही.

याच मुलखातील सिलपिडी गावची लहरी बाई ही बैगा स्त्री अलीकडे, भरडधान्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्षात म्हणजे २०२३ साली, देशाला ठाऊक झाली. तिच्या मातीच्या घरात, मातीच्याच कोठ्यांतून, कोदो, कुटकी, सांवा, सिकिया अशा धान्यांचे सुमारे दीडशे प्रकारचे बियाणे जपलेले आहे. गावोगाव हिंडून ते तिने जमवले. मागेल त्या शेतकऱ्याला ती ते देते, आणि पीक आले की दिले त्याहून थोडे अधिक परत घेऊन पुन्हा कोठीत भरते.